न वाचलेली दोन पानं

प्रिय ताई,

मी पंचवीस वर्षांची, ठाण्यात चरईत राहते. तीन मित्रमैत्रिणींसोबत दोन वर्षं धडपडून एक पासष्ट मिनिटांची फिल्म केली. पैसे आमचेच, थोडे उसने. गोष्ट एका अंध दुकानदाराची आहे आणि खरं सांगायचं तर माझ्या सख्ख्या मामाची आहे. काचबिंदूने त्याची नजर चाळिशीच्या आतच गेली. कोपरीत त्याचं वह्या-पेनांचं छोटं दुकान आहे. लहानपणी सुट्टीतली प्रत्येक संध्याकाळ मी मामाबरोबर तलावपाळीला फेऱ्या मारण्यात घालवली आहे.

पटकथेचा प्रत्येक मसुदा मी मामाला वाचून दाखवला. दोन पानं सोडून. त्या दोन पानांत भाचा गल्ल्यातल्या पाचशेच्या नोटा काढून त्या जागी दोनशेच्या ठेवतो. हे खरंच घडलं आहे. २०१८ च्या दिवाळीच्या सुट्टीत माझा धाकटा भाऊ गल्ल्यावर बसायचा. मी दुकानाच्या पायरीवरून बघितलं. आईला सांगितलं, ती म्हणाली मी बघते. पुढे कुणी विषय काढला नाही. त्यानंतर मात्र मामाने गल्ल्यावर कुणालाच बसवलं नाही. पाचशेची नोट आली की आतल्या खिशात जाते. वय झालं की माणसं संशयी होतात, असं आई म्हणते.

पुढच्या महिन्यात नौपाड्यातल्या एका छोट्या हॉलमध्ये फिल्म दाखवतोय. साठेक माणसं. मामा प्रमुख पाहुणा. त्याने नवा शर्ट शिवायला टाकलाय. आईचं म्हणणं, त्या सीनमध्ये एक शब्द नाही, नुसती बासरी आहे, त्याला काही कळणार नाही, जुनं उकरू नकोस. एडिटर म्हणतो, सीन काढला तर फिल्म उरतच नाही. भाऊ पुण्यात नोकरीला असतो, त्याला यातलं काही माहीत नाही. मी काय करू?

कोपरीची भाची

ता. क. शेवटच्या वाचनाला मी ती दोन पानं एकदम उलटली. मामा म्हणाला, "आजची पानं जाड लागतायत गं." मी हसून वेळ मारून नेली.

*

भाचीबाई,

आधी शर्टाचं बोलू. तुझ्या फिल्मसाठी ज्याने शर्ट शिवायला टाकलाय, त्या माणसाला तू पहिल्या रांगेत बसवणार. समोरच्या पडद्यावर त्याच्याच गल्ल्यात हात जाणार. साठ माणसं ते बघणार, कुणीतरी चुकचुकणार, कुणाचा तरी श्वास अडकणार, आणि हॉलमध्ये एकट्या त्याला नुसती बासरी ऐकू येणार. २०१८ ला दुकानात जे झालं तेच हे, फक्त या वेळी निमंत्रणं पाठवून.

तेव्हा आई म्हणते ते तर अजिबात करू नकोस. आईवर रागावूही नकोस. एका बाजूला सख्खा भाऊ, दुसऱ्या बाजूला पोटचा पोरगा, आणि दरवर्षी भाऊबीजेला दोघंही एकाच घरात. "मी बघते" म्हणून तिने ते गाठोडं माळ्यावर टाकलं. आपल्याकडे घराघरांतल्या माळ्यांवर अशी गाठोडी पडलेली असतात.

आता तुझ्याच पत्रातल्या दोन ओळी तुला परत वाचून दाखवते. "त्यानंतर मात्र मामाने गल्ल्यावर कुणालाच बसवलं नाही." आणि "आजची पानं जाड लागतायत गं." या दोन्ही तू लिहिल्यास आणि पुढे निघून गेलीस. अगं, तुझ्या मामाला बहुतेक सगळं माहीत आहे. अंध माणसाला सहावं इंद्रिय असतं वगैरे काही नाही, ती सिनेमावाल्यांची समजूत. कान त्याचेही तुझ्या-माझ्यासारखेच. फरक एवढाच की त्याला ते वापरावे लागतात. आणि ज्याचा दिवसाचा गल्ला ठरलेला असतो त्याला तो कमी भरला की कळतं, डोळे असोत की नसोत.

त्याने तेव्हा नोटा कशा ओळखल्या असतील याचा तू फिल्ममध्ये विचार केलास का? पत्रात तरी तसं दिसत नाही, आणि मला तिथेच खरी गोष्ट दिसते. नोटाबंदीच्या आधीची शंभराची नोट १५७ मिलिमीटर लांब होती, पाचशेची १६७. सेंटीमीटरभर फरक, बोटांना सहज कळायचा. नव्या मालिकेत पाचशेची १५० झाली, २०१७ च्या ऑगस्टमध्ये दोनशेची आली ती १४६ ची. रुंदी दोघींची ६६. म्हणजे फरक चार मिलिमीटरचा, तोही फक्त लांबीत. त्यात गल्ल्यात शंभराच्या जुन्या नोटा चालूच होत्या, त्या नव्या पाचशेपेक्षा लांब! इतकी वर्षं बोटांनी पाठ केलेला हिशेब एका रात्रीत उलटापालटा. कडेला उठावाच्या तिरक्या रेषा असतात, पाचशेवर पाच, दोनशेवर चार आणि त्यांच्यामध्ये दोन गोल. पण चार बाजार फिरून आलेल्या मऊ नोटेवर त्या शोधून बघ. या नव्या नोटांवरून नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड मुंबई उच्च न्यायालयात गेली होती. नोट ओळखून सांगणारं रिझर्व्ह बँकेचं 'मनी' नावाचं अॅप आलं ते जानेवारी २०२० मध्ये. तुझ्या भावाची दिवाळी २०१८ ची. त्याने नेमकी ती फट गाठली जिथे मामाची बोटं नुकती नव्याने शिकत होती.

आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं. म्हण तुलाही माहीत आहे. मला तिच्याबद्दल एक तक्रार आहे. त्या म्हणीत आंधळ्याला काही कळतच नाही, तो बापडा दळतच राहतो. तुझ्या मामाने काय केलं? कुणाला बोलला नाही, पोराला चारचौघांत उघडं पाडलं नाही, बहिणीला विचारलं नाही. जातं आत नेलं. आई याला संशयी होणं म्हणते. मी म्हणेन, बिनबोभाट कुलूप लावणं.

आपण "डोळे झाकून विश्वास ठेवला" असं फुशारकीने म्हणतो ना, ते डोळे असणाऱ्यांचे लाड आहेत. ज्याला दिसत नाही तो असा विश्वास ठेवूच शकत नाही, त्याला परवडतच नाही. तो पायरी काठीने चाचपतो, चहाचा कप कुठे आहे ते आधी बोटाने बघतो, सुट्टे पैसे दोनदा मोजतो, आणि मग विश्वास ठेवतो. तलावपाळीच्या फेऱ्या आठव. मामा तुझा हात धरायचा की तू मामाचा? मला खात्री आहे की तो तुझ्या कोपराच्या वर, दंडाला धरून तुझ्या अर्धं पाऊल मागे चालत असेल. बरेच अनुभवी अंध लोक असेच चालतात. तू वळलीस की तुझ्या दंडावरून त्याला वळण कळतं, तू पायरी उतरलीस की तुझं कोपर खाली जातं. आणि मुख्य म्हणजे धरणारा तो असतो. नको वाटलं की सोडून देऊ शकतो. तू त्याचं मनगट धरून ओढलंस तर त्याला सोडता येत नाही, तिथे विश्वास नाही, वरात आहे. (कोपरीत राहणाऱ्याला कोपराचं महत्त्व वेगळं सांगायला नको, हा विनोद मामालाच सांग, त्याला आवडेल.)

ती दोन पानं एकदम उलटलीस तेव्हा तू कोपर काढून घेतलंस. हळूच, त्याला लागू नये म्हणून. पण काढून घेतलंस.

माझंही ऐक. हे मी कुणाला फारसं सांगत नाही. अकरावीत असताना मी ठाण्यातच एका अंध विद्यार्थिनीची लेखनिक होते. ती बीएच्या दुसऱ्या वर्षाला. ती सांगायची, मी लिहायचे. इतिहासाच्या पेपरात बोरीबंदर ते ठाणे पहिली रेल्वे कधी धावली, तर तिने सांगितलं १८५७. ठाण्याच्या पोरीला हे चुकीचं कसं लिहवेल? मी गुपचूप १८५३ लिहिलं. पेपर सुटल्यावर स्टेशनबाहेर वडापाव खाताना तिला मोठ्या तोऱ्यात सांगितलं, तुझा एक मार्क वाचवला म्हणून. तिने वडापाव कागदात परत गुंडाळला. म्हणाली, "मग पेपर कोणी दिला? आणि आधीच्या दोन पेपरांत तू काय काय लिहिलंस, तेही आता मला माहीत नाही." पुढच्या पेपरांना तिने दुसरी मुलगी आणली. मी तर भलंच करायला गेले होते ना? पण त्या एका आकड्याने माझे आधीचे सगळे कागद तिच्यासाठी खोटे झाले होते, आणि ते तपासायचा तिच्याकडे काहीच मार्ग नव्हता.

म्हणून मामाला नुसती ती दोन पानं वाचून दाखवू नकोस. पहिल्या पानापासून पूर्ण पटकथा पुन्हा वाच. एका दुपारी, दुकान बंद असताना, तू आणि तो, दोघंच. ती दोन पानं जिथे येतील तिथेच येऊ देत. आधी प्रस्तावना नको, "मामा, रागावू नकोस हं" नको. प्रत्येक पान एकेक करून उलट.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. ही तू मला विचारलीच नाहीस.

तू लिहितेस, "मी दुकानाच्या पायरीवरून बघितलं." तुझ्या फिल्ममध्ये पायरीवर कोण आहे? पत्रात तू मामाबद्दल लिहिलंस, भाच्याबद्दल लिहिलंस, बासरीबद्दलसुद्धा लिहिलंस. बघणाऱ्या मुलीचा कुठेच उल्लेख नाही. मी पैज लावते, त्या सीनला कॅमेरा पायरीच्या उंचीवर लावलाय. जिथे तू उभी होतीस तिथे. तू स्वतःला काढलंस आणि त्या जागी तिवई ठेवलीस. म्हणजे तू दोन वर्षं खपून जी फिल्म केलीस ती भावाच्या चोरीवरची नाहीच, ती तुझ्या गप्प बसण्यावरची आहे. आणि एडिटरला वाटतं तो सीन काढला तर फिल्म उरत नाही, ते त्यामुळेच खरं आहे, फक्त त्याला कारण माहीत नाही.

म्हणून दोन पानं वाचून झाली की एकच वाक्य बोल: "मामा, हे मी पाहिलं होतं आणि तुला सांगितलं नाही." भावाचं नाव घ्यायची गरज नाही, ते त्याला तुझ्याआधी माहीत असणार. आईचं "मी बघते" तर मुळीच मध्ये आणू नकोस, ते तिचं तिने सांगावं. तू तुझं सांग. मग गप्प राहा. तो काहीच बोलला नाही तरी बडबडून ती शांतता भरू नकोस. तुझ्या सीनमध्ये बासरी आहे ना, तसलं काही तिथे वाजवू नकोस.

मामाकडे जायच्या आदल्या दिवशी भावाला फोन कर. परवानगी मागायला नव्हे, कळवायला. "उद्या मी मामाला वाचून दाखवतेय, तुला त्याआधी त्याच्याशी बोलायचं असेल तर आज रात्र आहे." शाळकरी वयात केलेली चूक आहे, त्याला स्वतःच्या तोंडाने बोलायची संधी मिळायला हवी. तो चिडेल, तुला माझीच बदनामी सुचली का म्हणेल. ऐकून घे. त्यात थोडं तथ्यही आहे, त्याला न विचारता त्याच्यावर तू फिल्म केली आहेस. विचारणं सगळ्यांच्याच बाबतीत राहून गेलं तुझ्याकडून.

आणि मामा म्हणाला, "हा सीन काढ", तर? तर त्या दिवशी दाखवू नकोस. फिल्मच दाखवू नकोस. हॉलचं भाडं बुडालं तर बुडू दे, साठ लोकांना मेसेज टाकायला दहा मिनिटं लागतात. गोष्ट सांगायचा हक्क तुझा आहे हे मान्य, पण गल्ला त्याचा होता. नंतर हा सीन दुसऱ्या दुकानात, दुसऱ्या नात्यात, पायरीवरच्या मुलीसकट लिहिता येतो का बघ. मला वाटतं तो जास्त चांगला होईल. पण मला असंही वाटतं की मामा काढ म्हणणार नाही. ज्याला पानं जाड लागली आणि तरी ज्याने शर्ट शिवायला टाकला, तो माणूस वाट बघतोय.

तो हो म्हणाला तर पुढचं काम तातडीचं आहे. त्याच्या आयुष्यावरच्या फिल्ममधला मुख्य प्रसंग त्याला कळणारच नाही असा तू चित्रित केलास. दिग्दर्शक म्हणून तुला त्या नि:शब्दपणाचा अभिमान असेल, पण एकदा स्वतः डोळ्यांवर ओढणी बांधून पूर्ण फिल्म ऐक. मग त्या फिल्मला ध्वनिवर्णन कर, ज्याला सगळे ऑडिओ डिस्क्रिप्शन म्हणतात. संवादांच्या मधल्या मोकळ्या जागेत एक आवाज पडद्यावर काय दिसतंय ते सांगतो. हे काही परोपकाराचं खातं नाही. माहिती व प्रसारण मंत्रालयाने मार्च २०२४ मध्ये चित्रपटगृहांसाठी त्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. त्याआधी २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका मोठ्या हिंदी चित्रपटाच्या निर्मात्यांना ओटीटीवर येण्याआधी ते करायला लावलं होतं. पुढेमागे तुला ही फिल्म महोत्सवांना पाठवायची असेल तर आजच सवय लागलेली बरी.

तुमच्यासारख्यांना ते फुकटात जमतं. घरातल्या कपाटात तोंड घालून मोबाइलवर रेकॉर्ड करा, कपडे आवाज पितात. छोटी वाक्यं, वर्तमानकाळ. "मुलगा गल्ला उघडतो. वरची नोट उचलतो. मामाकडे बघतो. मामा चहा फुंकतोय. नोट खिशात." एवढंच. "मुलगा मामाचा विश्वासघात करतो" असं म्हणायचं नाही, ते ऐकणाऱ्याला ठरवू द्यायचं. हॉलमध्ये मामाला एका कानात इअरफोन दे, दुसरा कान लोकांसाठी मोकळा राहू दे. किंवा, आणि मी तुझ्या जागी असते तर हेच केलं असतं, तो आवाज स्पीकरवरून सगळ्यांनाच ऐकवला असता. बासरीपेक्षा तो जास्त लागेल. ती चार-पाच वाक्यं कोणाच्या आवाजात असावीत हे तुझं तू ठरव. मला तरी पायरीवरच्या मुलीचा आवाज ऐकू येतोय.

जाता जाता नटाबद्दल. तू काही लिहिलं नाहीस, पण अशा फिल्मांत नेहमी काळा गॉगल, पुढे पसरलेले हात, शून्यात लागलेली नजर आणि "त्याच्या डोळ्यांनी" म्हणून काळाकुट्ट पडदा असतो. तसं असेल तर मामाला विचार, तुला काय दिसतं? अंध म्हणजे मिट्ट काळोख असंच काही नाही. निरोगी डोळ्याला साठ मीटरवरून जे दिसतं ते चष्मा लावूनही तीन मीटरवरून दिसत नसेल तर आपला कायदा त्या माणसाला अंध म्हणतो. कुणाला उजेड कळतो, कुणाला सावल्या हललेल्या कळतात. सई परांजपेंनी 'स्पर्श' दिल्लीच्या अंधशाळेत चित्रित केला तेव्हा तिथल्या मुलांनाच पडद्यावर आणलं होतं. तुमच्याकडे तेवढी सोय नसेल, पण मामा आहे, आणि तो कोपरीत आहे, चरईपासून रिक्षाने वीस मिनिटांवर.

ता. क. काचबिंदू घराण्यात चालतो. रुग्णाच्या सख्ख्या भावंडांना त्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. नेहमी आढळणाऱ्या प्रकारात दुखत नाही, खुपत नाही, कडेची नजर आधी जाते आणि समोरचं नीट दिसत राहतं, त्यामुळे माणसाला कळत नाही. गेलेली नजर परत येत नाही, पण वेळेत सापडला तर थेंबांनी उरलेली टिकवता येते. तुझी आई मामाची सख्खी बहीण. तिला नुसत्या चष्म्याच्या दुकानात नेऊ नकोस, नेत्रतज्ज्ञाकडे नेऊन डोळ्यातला दाब आणि मागची नस तपासून घे. स्वतःचीही तपासून घे. आणि ती येत नाही म्हणाली, "मी बघते" म्हणाली, तर या वेळी ऐकू नकोस, रिक्षा बोलाव.